गाया दुर्बीण सूर्याच्या जवळपासही पाहत नव्हती, मग तिला व्यापक सापेक्षता सिद्धांत कशासाठी लागला?

शततारका:

पदवीच्या वर्गाला व्यापक सापेक्षता सिद्धांताची तोंडओळख करून देताना मी नेहमी २९ मे १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे उदाहरण घेते. सूर्यबिंबाच्या कडेला चाटून येणारा ताऱ्याचा प्रकाश १.७५ विकलांनी (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) वळायला हवा, असे आइन्स्टाइन यांचे गणित सांगत होते आणि ब्राझीलमधील सोब्राल व आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळचे प्रिन्सिपे बेट येथे गेलेल्या ब्रिटिश पथकांच्या छायाचित्रांनी त्याला दुजोरा दिला. यातून विद्यार्थ्यांच्या मनात असे पक्के बसते की हा परिणाम सूर्याच्या अगदी कडेला आणि तोही ग्रहणातच दिसतो.

या वर्षी त्यांना युरोपीय अवकाश संस्थेच्या गाया दुर्बिणीची माहिती द्यायची आहे. ती १९ डिसेंबर २०१३ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून निघाली, पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटर दूर असलेल्या एल-२ या गुरुत्वीय समतोलाच्या बिंदूभोवती राहिली आणि १५ जानेवारी २०२५ पर्यंत वेध घेत होती. तिच्या तारासूचीत जवळजवळ १८० कोटी ज्योतींची स्थाने आहेत. या स्थानांविषयीच्या प्रत्येक तांत्रिक लेखनात सापेक्षता सिद्धांतावर आधारलेल्या प्रारूपाचा उल्लेख येतो आणि तिथेच माझ्या दोन शंका सुरू होतात.

पहिली अशी की गाया सूर्याकडे सतत ढाल करून असायची आणि तिच्या दुर्बिणी सूर्यापासून ४५ अंशांच्या आत कधी वळतच नसत. इतक्या दूरवरच्या ताऱ्याच्या प्रकाशावर सूर्याच्या गुरुत्वाचा परिणाम धरण्याजोगा असतो का? दुसरी शंका अधिक गंभीर आहे. स्थाने काढतानाच सापेक्षता सिद्धांत खरा मानून घेतला असेल, तर त्याच स्थानांवरून त्या सिद्धांताची परीक्षा घेणे हा चक्राकार युक्तिवाद होत नाही का? विद्यार्थी हे विचारणारच, आणि त्यांना वरवरचे उत्तर द्यायची माझी इच्छा नाही.

अगस्ती:

तुमच्या पहिल्या शंकेचे उत्तर आकड्यांत आहे, म्हणून आधी आकडेच मांडतो. १.७५ विकला हे कडेचे मूल्य आहे. तिथून दूर जावे तसे ते घटते, पण आपण समजतो तितक्या झपाट्याने घटत नाही. दूरच्या ताऱ्याचा प्रकाश किती वळलेला दिसेल हे सूर्य आणि तारा यांच्यामधील कोनाच्या निम्म्या कोनाच्या कोटँजंटच्या प्रमाणात असते. त्याचा गुणक वर्गात फळ्यावर सहज काढता येतो. गुरुत्वस्थिरांकाला सूर्याच्या वस्तुमानाने गुणून प्रकाशवेगाच्या वर्गाने भागले की सुमारे १.४८ किलोमीटर इतकी लांबी मिळते. तिची दुप्पट करून पृथ्वी-सूर्य अंतराने, म्हणजे १४ कोटी ९६ लाख किलोमीटरने भागले की उत्तर येते ते रेडियनचा सुमारे पाच कोटींवा भाग. विकलेच्या हजाराव्या भागाला मिलिविकला म्हटले, तर हा कोन ४.०७ मिलिविकला भरतो. नव्वद अंशांच्या निम्म्याचा, म्हणजे ४५ अंशांचा कोटँजंट एक असल्यामुळे, सूर्यापासून काटकोनात असलेल्या ताऱ्याचे विचलन नेमके एवढेच असते.

गायाची दृष्टी सूर्यापासून ४५ ते १३५ अंशांच्या पट्ट्यात फिरत असे. या पट्ट्याच्या आतल्या कडेला विचलन ९.८ मिलिविकला होते आणि बाहेरच्या कडेलासुद्धा १.७ मिलिविकला उरते. आता हे गायाच्या अचूकतेशी ताडून पाहा. आतापर्यंत प्रसिद्ध झालेल्या माहितीत तेजस्वी ताऱ्यांच्या स्थानांची अनिश्चितता मिलिविकलेच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास, म्हणजे २० मायक्रोविकलांच्या घरात आहे. काटकोनातले विचलन त्याच्या दोनशे पट आहे. थोडक्यात, ज्याला आपण सूर्यापासून दूरचे आकाश म्हणतो, त्या सगळ्या आकाशात सूर्याचे गुरुत्व गायाला दिसत होते. ते शून्य होते ते आकाशात सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला असलेल्या एका बिंदूपाशी.

याहून बोलकी तुलना पराशयाशी, म्हणजे सूर्याभोवतीच्या आपल्या फेरीमुळे ताऱ्याच्या दिशेत दिसणाऱ्या फरकाशी, करता येते, कारण ताऱ्यांची अंतरे काढणे हेच गायाचे मुख्य काम होते. एखाद्या ताऱ्याचा पराशय ४.०७ मिलिविकला असेल, तर तो सुमारे ८०० प्रकाशवर्षे दूर असतो. त्याच्या पलीकडच्या प्रत्येक ताऱ्याच्या बाबतीत सूर्यामुळे काटकोनात होणारे विचलन त्याच्या पराशयापेक्षा मोठे आहे, आणि गायाच्या सूचीतले बहुतांश तारे त्याच्या पलीकडचेच आहेत. विचलन हिशोबात न घेता काढलेली अंतरे निरर्थक ठरली असती.

सूर्य एकटाही नाही. गुरूच्या कडेला चाटून येणारा किरण सुमारे १६.३ मिलिविकलांनी वळतो, शनीच्या कडेला ५.८ मिलिविकलांनी. गुरूपासून काटकोनात गेलो तरी त्याचा परिणाम एका मायक्रोविकलेच्या आसपास राहतो. पृथ्वीचे वस्तुमान कमी असले तरी ती गायापासून फक्त १५ लाख किलोमीटरवर असल्यामुळे तिचाही परिणाम तेवढाच, एखाद्या मायक्रोविकलेचा होतो. त्यामुळे हिशोबात सूर्याबरोबर ग्रह घ्यावेच लागतात, आणि तेही त्यांच्या गतीसह, कारण प्रकाश ग्रहाजवळून गेला त्या क्षणी ग्रह कुठे होता हे महत्त्वाचे असते, वेधाच्या क्षणी तो कुठे होता हे नव्हे. गुरू ध्रुवांपाशी चपटा आहे, म्हणून त्याच्या कडेजवळच्या किरणाला आणखी एक वळण मिळते, ज्याचे कमाल मूल्य सुमारे २४० मायक्रोविकला आहे. हे सूक्ष्म वळण हाती लागावे म्हणून फेब्रुवारी २०१७ मध्ये गुरूच्या कडेजवळ येणारा एक तारा आधीच हेरून ठेवला होता आणि योग्य वेळी दुर्बिणीची दृष्टी तिथे असावी, अशा बेताने गायाच्या भ्रमणाची सुरुवातीची स्थिती निवडली होती. ग्रहाच्या झगझगीत बिंबाला खेटून असलेल्या ताऱ्याचे स्थान मोजण्याचा हा प्रयत्न मला या मोहिमेतल्या सर्वांत देखण्या प्रयोगांपैकी एक वाटतो.

वेधक:

अगस्ती यांचे आकडे बरोबर आहेत, पण प्रकाशाचे वळणे हा विषयाचा निम्माच भाग आहे आणि माझ्या मते तुलनेने सोपा. अवघड भाग निरीक्षकाच्या गतीतून आणि घड्याळातून येतो.

गाया पृथ्वीबरोबर सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने फिरत होती. या वेगामुळे प्रत्येक तारा गतीच्या दिशेने पुढे झुकलेला दिसतो. जेम्स ब्रॅडली यांनी १७२० च्या दशकात गॅमा ड्रॅकोनिस या ताऱ्याचे वेध घेताना हे विपथन शोधले. त्याचे कमाल मूल्य सुमारे २०.५ विकला आहे, म्हणजे गायाच्या अचूकतेच्या दहा लाख पट. इतकी मोठी राशी वजा करायची असेल, तर तिचे सूत्र अगदी शेवटच्या अंकापर्यंत बरोबर असावे लागते. वेग आणि प्रकाशवेग यांच्या गुणोत्तराच्या पहिल्या घातापर्यंत जुने न्यूटनचे सूत्र आणि सापेक्षतेचे सूत्र सारखेच उत्तर देतात. दुसऱ्या घाताशी मात्र ते फुटतात. जुन्या सूत्रातील ती संज्ञा जास्तीत जास्त सुमारे एक मिलिविकला येते आणि सापेक्षतेच्या सूत्रात तिच्या निम्मी. हा अर्ध्या मिलिविकलेचा फरक गायाच्या अनिश्चिततेच्या सुमारे पंचवीस पट आहे. गुरुत्व क्षणभर बाजूला ठेवले, तरी आइन्स्टाइन यांच्याशिवाय गायाची आकडेमोड जुळत नाही ती अशी.

त्याच सूत्राची दुसरी मागणी अशी की दुर्बिणीचा वेग माहीत हवा. स्थानात एक मायक्रोविकलेची चूक होण्यासाठी वेगात सेकंदाला दीड मिलिमीटरची चूक पुरते. एका यानाचा १५ लाख किलोमीटरवरचा वेग इतक्या बारकाईने जाणणे ही सामान्य गोष्ट नव्हे. स्पेनमधील सेब्रेरोस, ऑस्ट्रेलियातील न्यू नॉर्सिया आणि अर्जेंटिनातील मालार्ग्वे येथील अँटेनांवरून रेडिओ संकेतांनी यानाचा माग ठेवला जात असे. एवढ्यावर न थांबता, जमिनीवरच्या दुर्बिणींतून खुद्द गायाची छायाचित्रे घेऊन तिचे आकाशातील स्थान मोजण्याचे कामही नियमित चालू होते. ताऱ्यांची स्थाने मोजणाऱ्या दुर्बिणीचे स्वतःचे स्थान ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर मोजावे लागत होते.

आता वेळ. गाया स्वतःभोवती सहा तासांत एक फेरी मारत असे, म्हणजे तिच्या दृष्टीखालून आकाश सेकंदाला ६० विकला या वेगाने सरकत असे. ताऱ्याची प्रतिमा एकेका सीसीडी या प्रकाशसंवेदी पट्टीवरून जायला साडेचार सेकंदांच्या आसपास घेई आणि प्रतिमेबरोबर तिचा विद्युतभारही त्याच वेगाने पुढे सरकवला जाई. अशा ओळीने मांडलेल्या पट्ट्यांवरून तारा केव्हा गेला, हेच प्रत्यक्षात मोजले जायचे. कोन त्या क्षणावरून काढला जातो. सेकंदाच्या दशलक्षाव्या भागाची चूक म्हणजे ६० मायक्रोविकला, त्यामुळे यानावर रुबिडियमचे अणुघड्याळ बसवले होते. पण ते घड्याळ सूर्याच्या गुरुत्वात होते आणि धावतही होते. सूर्यमालेच्या द्रव्यमानमध्याशी स्थिर आणि सर्व वस्तुमानांपासून दूर असलेल्या कल्पित घड्याळाच्या तुलनेत ते दिवसाला सुमारे १.३ मिलिसेकंद आणि वर्षाला जवळजवळ अर्धा सेकंद मागे पडणार. दुर्बिणीची दिशा याच वेधांतून काढली जात असल्यामुळे एकसारखी घसरण तिच्यात सामावून जाऊ शकते हे खरे, परंतु यानाची आणि ग्रहांची स्थाने ज्या कालमानात दिलेली असतात, त्यात प्रत्येक वेधाची वेळ नेऊन बसवल्याशिवाय गणित सुरूच करता येत नाही.

यातूनच मला जो मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो पुढे येतो. विद्यार्थ्यांना असे वाटते की ताऱ्याचे एक खरे स्थान असते, दुर्बीण ते थोडे चुकीचे दाखवते आणि सापेक्षता ती चूक दुरुस्त करते. मायक्रोविकलांच्या पातळीवर हे चित्र टिकत नाही. सूचीत छापलेले स्थान म्हणजे एका ठरावीक संदर्भचौकटीतील निर्देशांक. ही चौकट सूर्यमालेच्या द्रव्यमानमध्याला आरंभबिंदू मानून आखलेली असते आणि तिची व्याख्याच व्यापक सापेक्षता सिद्धांताच्या भाषेत, आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या २००० सालच्या ठरावांत केलेली आहे. अवकाश आणि काळ यांची मापे कशी घ्यायची हे ती चौकट सांगते. ती काढून घेतली तर दुरुस्ती कशाची करायची, हेच सांगता येणार नाही. ड्रेस्डेन येथील सर्गेई क्लिओनर यांनी २००३ मध्ये मांडलेले प्रारूप गायासाठी वापरले गेले. त्यात किरणाचा उलटा प्रवास केला जातो. आधी यानाच्या गतीमुळे झालेला झुकाव काढायचा, मग सूर्य आणि ग्रहांनी दिलेली वळणे, मग पराशय, आणि शेवटी ताऱ्याची निजगती, म्हणजे आकाशातले त्याचे स्वतःचे सरकणे. इटलीत तोरिनो येथील गटाने याच कामासाठी वेगळ्या गणिती वाटेने जाणारे स्वतंत्र प्रारूप तयार केले. इतक्या नाजूक गणितात दोन भिन्न मार्गांनी एकच उत्तर येते का, हे पाहण्याला फार मोल आहे.

शततारका:

दोन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. पराशयाशी केलेली तुलना मी वर्गात नक्की वापरीन, आणि निर्देशांकांचा मुद्दा माझ्याही मनात इतका स्पष्ट नव्हता. पण त्यामुळे माझी दुसरी शंका अधिकच तीव्र झाली आहे. चौकटच सापेक्षतेची असेल, तर सिद्धांत चुकीचा असल्यास ते आपल्याला कळणार कसे? निरीक्षणे त्या चौकटीत बसवून घेतली जातील आणि सगळे आलबेल दिसेल, असे होणार नाही का?

चित्रा:

शंका योग्य आहे, पण भीती अस्थानी आहे. त्याचे कारण संख्यांच्या तोलात आहे. प्रत्येक ताऱ्यासाठी अज्ञात राशी पाच असतात: दोन निर्देशांक, निजगतीचे दोन घटक आणि पराशय. त्याच ताऱ्याचे वेध मात्र काही वर्षांत अनेकदा, निरनिराळ्या दिशांनी आणि सूर्यापासून निरनिराळ्या कोनांवर घेतले जातात. अज्ञातांपेक्षा निरीक्षणे कितीतरी पट जास्त असल्यामुळे चुकीचे गृहीतक पचून जात नाही, शेष फरकांमध्ये, म्हणजे मोजलेले आणि प्रारूपाने दिलेले स्थान यांत उरणाऱ्या तफावतीत, त्याचा ठसा उमटतो. सूर्यामुळे होणारे विचलन प्रारूपात आहे त्यापेक्षा कमी किंवा जास्त असते, तर सगळ्या आकाशातील ताऱ्यांचे शेष फरक सूर्यापासूनच्या कोनाशी विशिष्ट नात्याने बांधलेले दिसले असते. कोणताही तारा आपले पाच आकडे बदलून ते लपवू शकत नाही, कारण सूर्य आकाशातून फिरत राहतो.

प्रत्यक्ष परीक्षेसाठी विचलनाच्या सूत्रात गॅमा नावाची एक राशी ठेवतात. व्यापक सापेक्षतेत ती बरोबर एक असते. नेहमीच्या प्रसिद्ध सूचींमध्ये ती एक धरूनच गणित केले आहे. परीक्षा घ्यायची तेव्हा तिला मोकळे सोडायचे आणि निरीक्षणांना तिचे मूल्य ठरवू द्यायचे. हे पूर्वी घडलेले आहे. १९८९ मध्ये सोडलेल्या हिप्पार्कस उपग्रहाने जवळजवळ १ लाख १८ हजार ताऱ्यांची स्थाने एका मिलिविकलेच्या आसपासच्या अचूकतेने मोजली. त्याच्या माहितीवरून १९९७ मध्ये गॅमाचे मूल्य ०.९९७ आले, अनिश्चितता ०.००३. एकही वेध सूर्याजवळ न घेता, ग्रहणाची वाट न पाहता, हजारात तीन भागांपर्यंतची ही परीक्षा झाली. शनीकडे निघालेल्या कॅसिनी यानाच्या रेडिओ संकेतांवरून २००३ मध्ये आलेले मूल्य याहून बरेच काटेकोर आहे. त्यानुसार गॅमा आणि एक यांतील फरक लाखात दोन-तीन भागांच्या आत शून्याशी जुळतो. गायाकडून अपेक्षा त्याच्याही पुढची आहे.

आता यातली खरी अडचण सांगते, कारण ती तुमच्या शंकेपेक्षा वेगळ्या जागी आहे. पराशय ताऱ्याला सूर्याच्या दिशेने सरकवतो आणि गुरुत्वीय विचलन त्याला सूर्यापासून दूर सरकवते. दोन्ही एकाच रेषेवर, उलट दिशांनी. म्हणून सगळ्या ताऱ्यांचे पराशय एका ठरावीक रकमेने चुकले, तर ती चूक गॅमामधील चुकीसारखी दिसू लागते. सुदैवाने दोघांची चाल पुरती सारखी नाही. पराशयामुळे होणारे सरकणे कोनाच्या साइनच्या प्रमाणात असल्याने ४५ आणि १३५ अंशांवर सारखेच असते, पण विचलन एका कडेला ९.८ आणि दुसऱ्या कडेला १.७ मिलिविकला, असे एकतर्फी असते. या असमतोलामुळेच दोघांना वेगळे करता येते. सगळी मदार त्याच्यावर आहे.

या असमतोलावर यंत्राने स्वतःचा हात फिरवला तर मात्र पंचाईत होते. गायाच्या दोन दुर्बिणी एकमेकींशी १०६.५ अंशांचा कोन करून एकाच सांगाड्यावर बसवल्या होत्या. आकाशाच्या दोन दूरच्या भागांतील तारे एकाच वेळी मोजता यावेत म्हणजे निरपेक्ष पराशय मिळतो, ही त्यामागची कल्पना. हा मूलभूत कोन अचल राहावा म्हणून सांगाडा सिलिकॉन कार्बाइडचा केला होता आणि कोनावर नजर ठेवायला लेसरचा इंटरफेरोमीटर बसवला होता. उड्डाणानंतर त्या इंटरफेरोमीटरने दाखवले की कोन प्रत्येक सहा तासांच्या फेरीबरोबर सुमारे एक मिलिविकलेने मागेपुढे होतो आहे. ही हालचाल सूर्याच्या उष्णतेशी निगडित होती, म्हणजे तिची लय सूर्याच्या दिशेशी बांधलेली. सूर्याच्या दिशेशी बांधलेली लय ही पराशयाची आणि विचलनाचीही खूण आहे, त्यामुळे तिचा एक भाग पराशयांच्या शून्यबिंदूत बेमालूम मिसळून जातो. इंटरफेरोमीटरची मापे वापरून तो बराचसा काढून टाकला आहे, तरी थोडा शिल्लक आहे.

किती शिल्लक आहे हे क्वासार, म्हणजे अतिदूरच्या दीर्घिकांची तेजस्वी केंद्रे, सांगतात. क्वासार इतके दूर असतात की त्यांचा पराशय गायाच्या दृष्टीने शून्यच असायला हवा. २०१८ च्या दुसऱ्या माहितीसंचात त्यांच्या पराशयांचा मध्यक उणे २९ मायक्रोविकला होता, डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या पुढच्या सूचीत तो उणे १७ वर आला. हा दोष ताऱ्याच्या तेजस्वितेप्रमाणे, रंगाप्रमाणे आणि आकाशातील स्थानाप्रमाणे बदलतो. गुरुत्व प्रकाशाचा रंग किंवा ताऱ्याची तेजस्विता पाहत नाही, त्यामुळे हा दोष सिद्धांताचा नसून यंत्राचा आहे, असे मानायला भक्कम आधार आहे. गॅमाचे विश्वासार्ह मूल्य काढायचे तर आधी हा शून्यबिंदू आवरावा लागतो. व्यापक सापेक्षतेची परीक्षा इथे एका सिरॅमिक सांगाड्याच्या तापमानाशी येऊन ठेपते, आणि मला या कामातला हाच भाग सर्वांत शिकण्यासारखा वाटतो.

पुनर्वसू:

चर्चा आवडली. एक उपप्रश्न विचारतो. सूर्य, गुरू, शनी यांचा हिशोब होतो, पण वाटेतल्या इतर ताऱ्यांच्या आणि एकूण आकाशगंगेच्या गुरुत्वाचे काय? प्रकाश हजारो वर्षे त्यांच्यामधूनच येत असतो ना?

अगस्ती:

येतो आणि वळतोही, पण ते वळण माणसाच्या हयातीत जवळजवळ बदलत नाही. जे बदलत नाही ते सूचीतल्या निर्देशांकाचाच भाग बनून राहते. सूर्याचा हिशोब करावा लागतो तो त्याचे वळण वर्षभर बदलत राहते म्हणून. एखादा जवळचा तारा दूरच्या ताऱ्यासमोरून सरकत गेला, तर मात्र बदल दिसतो. सुमारे १७ प्रकाशवर्षांवरील स्टाइन २०५१ बी हा श्वेतबटू २०१४ मध्ये असा एका मागच्या ताऱ्याजवळून गेला. कैलाश साहू यांच्या गटाने हबल दुर्बिणीतून त्या मागच्या ताऱ्याचे सुमारे दोन मिलिविकलांचे सरकणे मोजले आणि त्यावरून श्वेतबटूचे वस्तुमान सूर्याच्या ०.६७५ पट असल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध केले. १९१९ चाच प्रयोग, सूर्याच्या जागी दुसरा तारा ठेवून. अशा भेटी पुढे केव्हा घडतील याचे भाकीत करायला आता गायाचीच स्थाने आणि निजगती वापरतात.

वेधक:

आकाशगंगेविषयी एक भर घालतो. तिच्या केंद्राभोवती फिरताना आपली संपूर्ण सूर्यमाला केंद्राच्या दिशेने त्वरण पावत असते, त्यामुळे वर लिहिलेले विपथन फार संथपणे बदलते आणि दूरचे क्वासार वर्षाला सुमारे ५ मायक्रोविकला या गतीने आकाशगंगेच्या केंद्राच्या दिशेने सरकताना दिसतात. गायाच्या सुमारे १६ लाख क्वासारांवरून हे सरकणे मोजले गेले आणि त्यातून सूर्यमालेचे त्वरण सेकंदाच्या वर्गाला मीटरच्या दहा अब्जाव्या भागाच्या २.३ पट असल्याचे निघाले. ज्या द्रव्यमानमध्याला आपण चौकटीचा आरंभबिंदू मानतो, त्याचेही त्वरण त्याच चौकटीतून मोजता आले. वर्गात सांगायला यासारखे उदाहरण क्वचित मिळेल.

शततारका:

चक्राकारपणाचे समाधान झाले. विद्यार्थ्यांना स्वतः हाताळता येईल असे यातले काही सुचवाल का? आमच्याकडे संगणक आहेत, पण त्यांना नुकतीच प्रोग्रॅमिंगची ओळख झाली आहे.

चित्रा:

तेवढी ओळख पुरेशी आहे. गायाची सगळी माहिती संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहे आणि साध्या प्रश्नभाषेत हवा तेवढाच तुकडा उतरवून घेता येतो. तिसऱ्या माहितीसंचात क्वासारांची वेगळी सारणी आहे. तिच्यातून काही हजार नोंदी घ्या, पराशयांचा आलेख काढायला सांगा आणि मध्यक शोधू द्या. तो शून्याच्या किंचित डावीकडे, वर सांगितलेल्या उणे १७ मायक्रोविकलांच्या आसपास येईल. नोंदी फार कमी घेतल्या तर तो भरकटेल, कारण एकेका अंधूक क्वासाराची अनिश्चितता काहीशे मायक्रोविकलांची असते. त्यानंतर त्याच नोंदी तेजस्वितेनुसार आणि रंगानुसार गटांत विभागून प्रत्येक गटाचा मध्यक काढायला लावा, म्हणजे दोष यंत्राचा असल्याचा युक्तिवाद त्यांना आकड्यांत तपासून पाहता येईल. चौथा माहितीसंच डिसेंबर २०२६ साठी नियोजित आहे आणि त्यात साडेपाच वर्षांचे वेध असतील, तेव्हा हाच उपक्रम पुन्हा करून दोन्ही आलेख शेजारी ठेवता येतील.

एक सूचना मात्र आवर्जून करते. जवळजवळ निम्म्या क्वासारांचे पराशय ऋण दिसतील आणि ऋण अंतर अशक्य म्हणून विद्यार्थी त्या नोंदी गाळायला निघतील. त्यांना गाळू देऊ नका. पराशय हे मोजलेले मूल्य आहे आणि शून्याभोवतीच्या मापांमध्ये निम्मी ऋण येणे स्वाभाविक आहे. ती काढली की मध्यक धन बाजूला सरकतो आणि शून्यबिंदूचा जो दोष पाहायचा आहे तोच दिसेनासा होतो.